एक्केचाळीस पुरस्कार आणि एक भिंत

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मोठ्या साहेबांनी स्वागतकक्षातल्या भिंतीवर एक्केचाळिसावा पुरस्कार स्वतःच्या हातांनी टांगला, दोन पावलं मागे सरले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "जरा पुढे आल्यासारखा दिसतोय, नाही?"

"पुरस्कार नाही, साहेब," फॉर्मताई म्हणाल्या. "भिंत पुढे आलीय."

आणि बोलता बोलता त्यांनी भिंतीच्या उजव्या टोकाला पाठ लावली. भिंत कुरकुरली आणि जागच्या जागी थांबली. फॉर्मताईंनाही मग थांबावंच लागलं.

ही कंपनी घुमट बांधते. क्रीडागृहांचे, सभागृहांचे, धान्याच्या कोठारांचे; हजार माणसं आत मावतील एवढे, आणि मध्ये एक खांब नाही. 'खांबाविना आकाश' हे वाक्य कंपनीच्या पाटीवर आहे, पत्रांवर आहे, छत्र्यांवर आहे आणि मोठ्या साहेबांच्या बोलण्यात दर चौथ्या वाक्याला आहे. तीस वर्षांत कंपनीचा एकही घुमट पडलेला नाही, हे अगदी खरं. त्याचं श्रेय कोणाचं यावर ऑफिसात एकमत नाही, पण बक्षीस घ्यायला कोणी जायचं यावर मात्र कधी दुमत झालेलं नाही. 'उत्कृष्ट वक्रता', 'सर्वांत कमी पोलादात सर्वांत जास्त जागा', 'पक्ष्यांना त्रास न देणारे छत', तीन वेळा 'आदर्श सुरक्षित कार्यस्थळ', आणि एका वर्षीचा असा पुरस्कार, की ज्याच्या स्पर्धेत कंपनी एकटीच होती. त्यातही ती दुसरी आली होती, असं मागच्या बाजूच्या कार्यशाळेतले लोक म्हणतात, पण लोकांचं काय मनावर घ्यायचं!

आता गंमत अशी, की कंपनीचं ऑफिससुद्धा घुमटातच आहे. घुमटाला भिंती नसतात, सगळं छतच असतं. मग पुरस्कार टांगायचे कुठे? चहाचं सामान दिसू नये म्हणून सुतारमामांनी कधीकाळी प्लायवूडचा एक आडोसा करून दिला होता. खाली फरशीत चार स्क्रू, वर काही नाही. छत तिथपासून तीन पुरुष उंच. त्या आडोशावर साहेबांनी आधी एक प्रमाणपत्र लावलं, मग दुसरं. हौसेला मोल नाही आणि खिळ्याला तोटा नाही, त्यामुळे दहा वर्षांत नाकापेक्षा मोती जड झाला. आजचा मोती तर ब्राँझचा अर्धा घुमट होता, भिंतीवर लावायचा, बावीस किलोंचा.

कंपनीत साधा खिळा ठोकायचा तरी सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो फॉर्म फॉर्मताईंनीच बनवलेला. टोपणनावही त्यावरूनच पडलेलं. साहेबांनी तो भरला नव्हता असं नाही. 'वस्तूचे वजन' या रकान्यात त्यांनी 'भरपूर' असं लिहिलं होतं आणि खाली झोकदार सही केली होती.

फॉर्मताई कंपनीच्या गुणवत्ता अधिकारी. सहा वर्षांपासून कंत्राटी. दर वर्षी मार्चमध्ये त्या साहेबांच्या खोलीत जात, आणि साहेब म्हणत, "ताई, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही. तेवढं प्रमाणपत्राचं नूतनीकरण होऊ दे, तुमचं लगेच बघतो." नूतनीकरण दर वर्षी होई आणि बघणं पुढच्या मार्चवर जाई. आजवर त्यांनी ते सोसलं होतं. पण या वेळी घरी सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलायच्या होत्या. डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली होती. कंपनीचा आरोग्य विमा घरच्यांनाही लागू होता, पण फक्त कायम कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना. सासूबाई सध्या जिन्यावरून बसत बसत उतरायच्या आणि प्रत्येक पायरीला सुनेचं नाव घ्यायच्या, तेही कौतुकानं. म्हणून तर ते ऐकवत नसे. तेव्हा नूतनीकरणासाठीची आजची तपासणी नीट पार पडणं आणि साहेबांनी आजच पत्र देणं, यावाचून फॉर्मताईंना गत्यंतर नव्हतं. तपासनीस साडेदहाला यायचे होते.

"सगळं उतरवून ठेवू या का?" भिंतीला टेकलेल्या फॉर्मताईंनी विचारलं.

"अहो, काय बोलताय! प्रमाणपत्रं दर्शनी भागात लावलेली हवीत. नियम चार. तुम्हीच शिकवलात आम्हाला."

"निदान तो ब्राँझचा तरी?"

यावर आकडेकाका पुढे झाले. आकडेकाका म्हणजे कंपनीचे मुख्य गणिती. न पडणाऱ्या सगळ्या घुमटांची गणितं त्यांची, आणि स्वतःच्या चष्म्याची दांडी मात्र दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी खिशातून पाकीट काढून त्याच्या पाठीवर काहीतरी खरडलं. "काढू नका. आकड्यावरून उचलताना हिसका बसणार. भिंतीला तेवढा हिसका पुरे आहे."

मग सुतारमामांना बोलावणं गेलं. मामा आले, त्यांनी भिंतीवर दोनदा टकटक केलं, वाकून स्क्रू बघितले आणि कमरेवर हात ठेवले. "हे करून दिलं तेव्हा मी काय म्हणालो होतो? साहेब, हा आडोसा आहे. याच्यावर टॉवेलसुद्धा वाळत घालू नका."

"ते तोंडी होतं," साहेब म्हणाले.

"बरं, आता लेखी सांगू का? एक जाड वासा आणतो, इथे उभा ठोकतो. दहा मिनिटांचं काम."

"म्हणजे खांब?"

"टेकू म्हणा."

"मामा, दारातून तपासनीस आत येणार. समोर एवढी मोठी पाटी, 'खांबाविना आकाश', आणि पाटीखाली काय? खांब! उद्या सगळ्या धंद्यात छी-थू होईल. आपल्या ऑफिसात खांब उभा राहणार नाही, मी सांगून ठेवतो."

"मग माणूस उभा करा!" असं म्हणून मामा तणतणत कार्यशाळेकडे चालते झाले.

मामा रागानं बोलले होते. पण साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो प्रकाश पसरला तो बघून फॉर्मताईंनी डोळे मिटून घेतले.

"काका," साहेब म्हणाले, "माणसाचं गणित बसतं का हो?"

आकडेकाकांनी पाकीट उलटवलं. "खांद्याच्या उंचीवर अठरा किलोचा दाब हवा. मी उंच पडतो, माझं डोकं 'उत्कृष्ट वक्रते'त जातं. साहेबांचं पोट... ते असू द्या. ताईंची उंची मात्र अचूक आहे."

"आणि प्रमाणपत्रांची जबाबदारी मुळात त्यांचीच आहे," साहेब म्हणाले. "दोनतीन तासांचा तर प्रश्न आहे, ताई. आजचं तेवढं निभावून न्या, मग तुमचं लगेच बघतो."

फॉर्मताईंना दोन चांगली उत्तरं सुचली होती. ती त्यांनी गिळली आणि डोळ्यांपुढे जिना आणला. मग म्हणाल्या, "काका, माझ्या टेबलावरचा अकरा नंबरचा फॉर्म द्या जरा." आणि भिंतीला टेकूनच, हातावर पॅड धरून, त्यांनी लिहिलं: 'तात्पुरती आधार-व्यवस्था. साधन: एक व्यक्ती. सुरुवात: नऊ वाजून चाळीस मिनिटे.' सवय वाईट, दुसरं काय!

तपासनीस बरोबर साडेदहाला आले. शिडशिडीत, इस्त्रीचे, पाण्याची बाटली स्वतःची, पेन स्वतःचं. कोणी काही दिलं तर ते आधी कुठून आलं हे विचारणारे. त्यांना सोफ्यावर बसा म्हटलं तर त्यांनी सोफ्याखाली वाकून बघितलं आणि उभे राहिले.

"या आमच्या गुणवत्ता अधिकारी," साहेब घाईघाईनं म्हणाले. "त्यांना उभ्यानं काम करायची आवड आहे."

"चांगली सवय आहे," तपासनीस म्हणाले. "पाठ ताठ राहते."

तपासणी सुरू झाली. फाइली मागितल्या की आकडेकाका धावत जाऊन आणत. मापनाच्या नोंदी, प्रशिक्षणाच्या नोंदी, शिड्यांच्या नोंदी, हेल्मेटच्या नोंदी. एकही पान कमी नाही, एकही तारीख खोडलेली नाही. तपासनीस पान उलटत, मान हलवत आणि बारीकसं 'हं' म्हणत. ते 'हं' ऐकून साहेब फुलत होते. फॉर्मताईंची मात्र पाठ भरून आली होती, आणि ब्राँझच्या घुमटाची कड उजव्या कानामागे टोचत होती.

"आपत्कालीन मार्ग दाखवता?"

"त्या बाजूला," फॉर्मताईंनी बोट केलं.

"चालून दाखवा."

"आकडेकाका दाखवतील. आमच्याकडे प्रत्येकाला मार्ग माहीत असावा असा नियम आहे."

"उत्तम," म्हणत तपासनिसांनी खूण केली आणि आकडेकाकांच्या मागे गेले. साहेब कपाळ पुसत फॉर्मताईंना म्हणाले, "काय डोकं चालतं हो तुमचं!" सहा वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं, तेही आजूबाजूला कोणी नसताना.

बारा वाजता फॉर्मताईंचा पाय आखडला. मानवी देहाच्या इतरही काही गरजा असतात. त्यांनी आकडेकाकांना खुणेनं बोलावलं. "काका, पाच मिनिटं टेका. फक्त पाच. वाकून टेका, डोकं सांभाळा आणि कसलंही गणित करू नका."

"छे छे, गणित कसलं!" काका म्हणाले आणि टेकले.

दोन मिनिटं ते नुसते टेकून होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या मनात आलं, की दाब खांद्याऐवजी तळहातानं दिला तर अठराचे किती होतील? चौथ्या मिनिटाला ते पाकीट शोधायला खिशात हात घालण्यासाठी किंचित पुढे झाले. खळ्ळकन आवाज झाला. फॉर्मताई ओल्या हातांनी धावत आल्या आणि त्यांनी स्वतःला भिंतीवर झोकून दिलं. भिंत आणखी दोन बोटं पुढे येऊन थांबली होती.

तपासनीस दारात उभे. "काय पडलं?"

"काही नाही, एक पुरस्कार," साहेब काचा पायानं सोफ्याखाली सारत म्हणाले.

"कोणता?"

साहेबांनी चौकट उचलून वाचली आणि पटकन पाठीमागे धरली. शेवटी आकडेकाकांनी डोकावून वाचून दाखवलं. "आदर्श सुरक्षित कार्यस्थळ."

तपासनिसांनी वहीत काहीतरी लिहिलं. साहेबांची पाचावर धारण बसली. जेवायच्या सुट्टीत साहेबांनी डबा उघडलाच नाही. फॉर्मताईंनी उभ्याउभ्या दोन घास खाल्ले. दुपारभर तपासनीस कार्यशाळेत हिंडले आणि तीन वाजता परत आले तेव्हा त्यांच्या हातात शेवटचा कागद होता. तो त्यांनी स्वागतकक्षाच्या दुसऱ्या टोकाच्या टेबलावर ठेवला.

"सही करायला इकडे या, ताई."

फॉर्मताई हलल्या नाहीत.

"ताई?"

"कागद इकडे आणता का, साहेब?"

तपासनीस चालत आले, पण कागद मागेच ठेवून. त्यांनी फॉर्मताईंकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग बाजूला होऊन भिंतीची कड एका डोळ्यानं न्याहाळली. "या भिंतीला आधार कशाचा आहे?"

मोठ्या साहेबांना खोकल्याची उबळ आली. आकडेकाका छताकडे बघू लागले. फॉर्मताईंच्या मनात एका क्षणात सगळं येऊन गेलं: खोटं बोललं तर एखादवेळी खपेल, नाही खपलं तर प्रमाणपत्र गेलं, पत्र गेलं, गुरुवार गेला. खरं बोललं तर आत्ताच जाईल. पण सहा वर्षं लोकांना 'खरं तेच लिहा' म्हणून छळल्यावर आता ऐन वेळी खोटं कुठल्या तोंडानं बोलायचं?

"माझा," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"नऊ चाळीसपासून. मध्ये पाच मिनिटं काकांचा."

"नोंद?"

फॉर्मताईंनी अकरा नंबरचा फॉर्म पुढे केला. तपासनिसांनी तो वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. आणि त्यांचा इस्त्रीचा चेहरा चक्क चुरगळला. ते हसत होते.

"अठरा वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले. "ठिकठिकाणी माणसं काय काय धरून उभी असतात, काय सांगू! पण त्याची वेळेसकट नोंद केलेली आजच बघितली. भिंतीचं तुमचं तुम्ही बघा, भिंती माझ्या यादीत नाहीत. माझ्या यादीत नोंदी आहेत. त्या चोख आहेत."

"म्हणजे आम्ही पास?" साहेबांचा खोकला तत्काळ बरा झाला.

"एक त्रुटी आहे. नियम सतरा. सुरक्षेशी थेट संबंध असलेलं काम कंत्राटी माणसाकडून करून घेता येत नाही. या बाई कंत्राटी आहेत, तुमच्याच नोंदीत लिहिलंय. तेव्हा एक तर इथे खांब लावा, नाहीतर यांना कायम करा. माझी परतीची गाडी साडेचारची आहे. त्याआधी झालं तर सही करून जातो, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

साहेबांनी एकदा 'खांबाविना आकाश' या पाटीकडे बघितलं, एकदा फॉर्मताईंकडे. ज्याला सहा मार्च पुरले नव्हते त्याला सहा मिनिटं पुरली. पत्र टाइप झालं, शिक्का बसला, सही झाली. 'गुणवत्ता अधिकारी, कायम. आरोग्य विमा आजपासून लागू. अतिरिक्त जबाबदारी: स्वागतकक्षातील भिंत.' फॉर्मताईंनी ते भिंतीला टेकूनच दोनदा वाचलं, विम्याच्या ओळीवरून बोट फिरवलं, सही केली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. चेन लावली. मग चेन नीट लागलीय का ते पुन्हा बघितलं.

तपासनिसांनी प्रमाणपत्रावर सही केली. साहेबांनी त्यासाठी सोनेरी चौकट आठ दिवस आधीच आणून ठेवली होती. प्रमाणपत्र तिच्यात बसवून, दातांत खिळा आणि हातात हातोडी घेऊन, ते भिंतीच्या डाव्या टोकाला स्टुलावर चढले.

"साहेब, खिळा मारू नका," फॉर्मताई म्हणाल्या.

"अहो, एवढासा कागद आहे! बेचाळीस होतील. सम आकडा चांगला असतो."

"सात नंबरचा फॉर्म भरलात का?"

"आजच्या दिवशी कसला फॉर्म, ताई? आज आनंदाचा दिवस!"

"फॉर्मशिवाय खिळा मारता येणार नाही. भिंतीची जबाबदारी माझी आहे, आत्ताच तुम्ही लिहून दिलीय."

"बरं, मग जबाबदारीनं धरून उभ्या राहा!" असं म्हणून साहेबांनी हातोडी उगारली.

फॉर्मताईंनी एक मोठा श्वास घेतला. कालची गोष्ट असती, तर त्या दात-ओठ खाऊन उभ्या राहिल्या असत्या. "काका, सोफ्याजवळून बाजूला व्हा. तपासनीससाहेब, तुम्ही दाराकडे. साहेब, स्टुलावरून उतरा. मी भिंत सोडतेय."

"सोडू नका!"

"तीन म्हणेपर्यंत वेळ आहे, साहेब. एक."

"ताई, तुमची नोकरी..."

"कायम आहे. दोन."

साहेबांनी स्टुलावरून जी उडी मारली ती त्यांच्या वयाला आणि पोटाला मुळीच शोभणारी नव्हती, पण सोनेरी चौकट त्यांनी छातीशी घट्ट धरली होती. फॉर्मताई 'तीन' म्हणाल्या आणि एक पाऊल उजवीकडे सरल्या. भिंत घाईत नव्हती. आधी कुरकुरली, मग वाकली, आणि मग चाळीस पुरस्कारांसकट सोफ्यावर अशी आडवी झाली, की घुमटात त्याचा आवाज तीनदा फिरला. ब्राँझचा अर्धा घुमट गडगडत दारापर्यंत गेला आणि पालथा पडला. त्याला ओरखडासुद्धा आला नव्हता. मागे चहाचं सामान उघडं पडलं होतं.

तपासनिसांनी घड्याळ बघितलं. "माझी तपासणी तीन वाजून पन्नास मिनिटांनी संपली," ते म्हणाले, ब्राँझचा घुमट ओलांडला आणि गाडी पकडायला निघून गेले.

आवाज ऐकून सुतारमामा दारात आले, त्यांनी सगळीकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. तेवढ्यात फॉर्मताईंना पर्समधला फोन ऐकू आला. तो भिंत पडण्याच्या आधीपासूनच वाजत असावा, कारण पलीकडून सासूबाई चांगल्याच घाबरलेल्या होत्या.

"अगं, केव्हाची फोन लावतेय! डॉक्टरांकडून विचारतायत, गुरुवारचं नक्की का म्हणून. काय सांगू? त्यांना उद्यापर्यंत थांबा म्हणू का?"

फॉर्मताई चहाच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसल्या. नऊ चाळीसनंतर पहिल्यांदाच बसत होत्या. पाठीतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी पाठीचं राहिलं नाही.

"नक्की सांगा, आई," त्या म्हणाल्या. "आणि आज जिना उतरू नका. मी आले की आपण दोघी वरच बसून चहा पिऊ."